लिनक्सवर माऊस जड, कीबोर्ड संथ, अक्षरं धूसर: एकाच आठवड्यात तिन्ही (मदत हवी आहे)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षं मी लिनक्सवरच आहे, काम मुद्रितशोधन आणि अनुवादाचं, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास मराठी टाइप करायचं, त्यामुळे कीबोर्ड, माऊस आणि स्क्रीन या तिघांपैकी एक जरी बिनसलं तरी माझं काम अडतं. मागच्या आठवड्यात मी दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या, सिस्टिमची नवी आवृत्ती टाकली आणि संध्याकाळी २७ इंची फोर-के मॉनिटर जोडला. तेव्हापासून काय काय होतंय ते सांगते.

माऊस जड झालाय. हात पुढे जातो आणि बाण मागून येतो, पाण्यात हात हलवल्यासारखं वाटतं. स्पीड वाढवून बघितला तर बाण बटणाच्या पुढे निघून जातो, कमी केला तर आणखी जड.

कीबोर्डचं तर कळतच नाहीये. मधूनच अक्षरं उमटायची बंद होतात, म्हणजे नेहमीच्या वेगाने टाइप केलं तर काहीच नाही, पण तीच की जरा दाबून धरली की उमटते. सेल बदलले, दुसरा कीबोर्ड लावला, तेच. पुन्हा लॉगिन केलं आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जरा खालीवर केलं की नीट होतं, मग तासा-दोन तासांनी परत.

स्क्रीनवर १०० टक्के ठेवलं तर अक्षरं मुंगीएवढी, २०० वर ठेवलं तर दोन पानं शेजारी मावत नाहीत, १५० वर छान बसतं पण माझा जुना शब्दकोशाचा प्रोग्राम धूसर दिसतो, चष्मा पुसून बघावा असा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझी चार ओळींची फाइल चालत नाहीये. लॉगिन झालं की ती आपोआप चालायची, सेटएक्सकेबीमॅपने कॅप्स लॉकचं एस्केप करायची, एक्ससेटने की-रिपीटचा वेग, एक्सइनपुटने माऊसचं ॲक्सिलरेशन बंद आणि एक्सरँडरने स्क्रीनचं रिझोल्यूशन. फाइल तीच, जागा तीच, पण परिणाम शून्य. कुठून सुरुवात करू?

गोगलगाय

पाटीपेन्सिल ताई, शेवटून सुरुवात करा, कारण तुमची ती फाइल हाच पहिला धागा आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिमची माहिती देणारं पान उघडा आणि विंडोइंग सिस्टिम समोर काय लिहिलंय ते बघा. माझी खात्री आहे तिथे वेलँड असणार आणि आधी एक्स११ होतं. स्क्रीनवर विंडो दाखवायच्या आणि माऊस-कीबोर्ड सांभाळायच्या या दोन व्यवस्था, एक्स११ जुनी, वेलँड नवी. केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेलँड डिफॉल्ट केलं, ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ४९ व्या आवृत्तीने २०२५ मध्ये एक्स११ चं सेशन मुळातच बंद करून दिलं, त्यामुळे नवी आवृत्ती टाकणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच होतंय.

फरक असा की एक्स११ मध्ये एक सर्व्हर मध्ये बसलेला असायचा आणि कुठलाही प्रोग्राम त्याला जाऊन सांगू शकायचा की लेआउट हा घे, माऊसचा वेग हा घे, आणि तो निमूट ऐकायचा. वेलँडमध्ये हे सगळं कंपोझिटरकडे, म्हणजे सगळ्या विंडो जुळवून स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे असतं, ग्नोमचा मटर, प्लाझ्माचा केविन, किंवा स्वे असेल तर स्वे स्वतःच. तुमच्या चार कमांडी आजही चालतात पण त्या बोलतात ते एक्सवेलँडशी, जुन्या ॲप्सची सोय म्हणून मागे चालणारा एक छोटा एक्स सर्व्हर. त्याला काहीही सांगितलं तरी खऱ्या माऊसला त्याचा पत्ता नसतो. तुमची फाइल आपोआप चालते म्हणून ती काय म्हणते ते तुम्हाला दिसत नाही. एकदा टर्मिनलमध्ये हाताने चालवून बघा. सेटएक्सकेबीमॅप सरळ सांगेल की मी एक्सवेलँडवर चालतोय, आणि एक्सइनपुटला यादी विचारलीत तर तुमच्या माऊसच्या नावाऐवजी एक्सवेलँड पॉइंटर अशी नावं दिसतील.

कॅप्स-एस्केपची काळजी करू नका. वेलँडमध्येही लेआउटची माहिती एक्सकेबीच्या (कीबोर्डचे लेआउट सांभाळणारी व्यवस्था) त्याच जुन्या फाइलींमधून येते, ते ऑप्शन त्याच नावाने तिथेच आहे, फक्त आता ते डेस्कटॉपला सांगायचं. ग्नोममध्ये ट्वीक्स नावाचं ॲप टाकून कीबोर्डच्या जादा पर्यायांमध्ये, प्लाझ्मात सिस्टिम सेटिंग्जच्या कीबोर्ड पानावर, की बाइंडिंग्जमध्ये.

पाटीपेन्सिल

गोगलगाय, वेलँडच आहे! ग्नोम. आणि टर्मिनलमध्ये चालवल्यावर खरंच पहिल्याच ओळीला इशारा आला आणि एक्सइनपुट म्हणालं असं डिव्हाइसच नाही. इतके दिवस ती फाइल रोज ओरडत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. ट्वीक्स टाकलं, कॅप्स लॉकचं एस्केप झालं, दोन मिनिटांचं काम. माऊस मात्र तसाच जड आहे. ॲक्सिलरेशन बंद करायची सोय तिथे दिसतेय, केलं, पण जडपणा गेला नाही.

उंबरठा

ताई, माऊसला हात लावू नका आता, आधी डिस्प्लेच्या पानावर जाऊन रिफ्रेश रेट बघा. ६० आहे का ३०?

विचारायचं कारण सांगते. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, आणि ते ६० हर्ट्झला चालवायला ५९४ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, लागतो. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० ची आहे, त्यामुळे त्या पोर्टवर किंवा तशा अडॅप्टरमधून फोर-के फक्त ३० हर्ट्झला मिळतं. एचडीएमआय २.० २०१३ मध्ये आलं तेव्हा ही मर्यादा ६०० वर गेली. जुना लॅपटॉप, जुना हब, कुठलाही एक तुकडा जुना असला की सगळी साखळी ३० वर उतरते आणि कुणी काही बोलत नाही, चित्र तर स्वच्छ दिसतं.

यूएसबी-सी हबचंही असंच. बऱ्याच हबमध्ये केबलमधल्या चार हाय-स्पीड जोड्यांपैकी दोनच चित्राला मिळतात, उरलेल्या दोन यूएसबी ३ साठी जातात, आणि जुन्या डिस्प्लेपोर्टच्या वेगाला दोन जोड्यांमध्ये फोर-के ६० मावत नाही.

आता ३० हर्ट्झला काय होतं, तर स्क्रीनवरचं चित्र दर ३३ मिलिसेकंदांनी बदलतं, ६० ला साधारण १७ मिलिसेकंदांनी. व्हिडिओ बघताना कळत नाही, पण बाण तुमच्या हाताला बांधलेला असतो ना, म्हणून तो जड लागतो. लोक माऊसचा स्पीड बदलतात, माऊस बदलतात, टेबल पुसतात, आणि दोष केबलमध्ये असतो.

परीक्षा सोपी आहे, पाच मिनिटांसाठी रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा आणि ६० हर्ट्झ निवडा. माऊस हलका झाला तर माऊस निर्दोष.

पाटीपेन्सिल

उंबरठा, ३० होतं. ३०! १०८० ला आणून ६० केलं आणि बाण इतका सुळकन पळाला की मी दचकले. माझ्याकडे एक छोटा हब आहे, त्यालाच मॉनिटर, माऊस, पेन ड्राइव्ह सगळं लावते. ज्या दुकानातून घेतला तिथे मी स्पष्ट विचारलं होतं फोर-के चालेल ना, तर हो म्हणाले, आणि चालतंयही, पण कितीने चालतंय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. लॅपटॉपला एक दुसरं यूएसबी-सी पोर्ट आहे, त्यातून सरळ डिस्प्लेपोर्टला जाणारी केबल मागवते आणि कळवते.

वाळूघड्याळ

केबल येईपर्यंत ॲक्सिलरेशनचं बोलून घेऊ. माझं मत विचाराल तर फ्लॅटच ठेवा. लिबइनपुटमध्ये, म्हणजे माऊस-टचपॅडची हालचाल वाचणाऱ्या लायब्ररीत, दोन मुख्य प्रोफाइल असतात, ॲडॅप्टिव्ह आणि फ्लॅट. ॲडॅप्टिव्हमध्ये हात जितका जोरात तितका बाण जास्त लांब जातो, फ्लॅटमध्ये हाताच्या एका इंचाला स्क्रीनवर नेहमी तेवढंच अंतर. एकदा हाताला फ्लॅटची सवय झाली की बाण कुठे थांबणार हे डोळ्यांआधी हाताला कळतं. वेगाची पट्टी आत उणे १ ते अधिक १ अशी असते, मधला शून्य म्हणजे जसं आहे तसं. माऊसला स्वतःचं डीपीआयचं (संवेदनशीलतेचं) बटण असेल तर आधी तिथून वेग जमवा आणि पट्टी शून्यावर राहू द्या.

२०२३ पासून लिबइनपुटमध्ये कस्टम प्रोफाइलही आहे, स्वतःचा आलेख द्यायचा, पण ते सगळ्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये दिसत नाही.

उंबरठा

वाळूघड्याळ, माऊसपुरतं तुमचं पटतं, पण फ्लॅटच ठेवा असं सरसकट सांगू नका प्लीज. पाटीपेन्सिल ताई खेळत नाहीत, त्या मजकूर निवडतात, दोन अक्षरांच्या मधे कर्सर ठेवतात, आणि मग एकदम स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला जातात. ३८४० पिक्सेलच्या रुंदीवर फ्लॅटमध्ये एक तर टोकाला जायला हात तीनदा उचलावा लागेल नाहीतर दोन अक्षरांमधली जागा सापडणार नाही. ॲडॅप्टिव्ह त्यासाठीच आहे, सावकाश हलवलं की बारीक काम, जोरात हलवलं की लांबचा पल्ला. आणि टचपॅडवर तर फ्लॅट अजिबात नको, चार इंचांच्या पट्टीवर ते त्रासदायकच होतं. दोन्हींची सेटिंग वेगळी असते हे बरं आहे.

मनगट दुखत असेल तर त्याहून मोठा फरक दुसऱ्या गोष्टींनी पडतो. डाव्या हाताने वापरता येईल असं बटणांची अदलाबदल करणं, टचपॅडवर टाइप करताना स्पर्श बंद ठेवणं, बाणाचा आकार वाढवणं. बाण मुळात २४ पिक्सेलचा असतो, फोर-केवर तो शोधण्यातच डोळे थकतात, ४८ करून बघा.

वाळूघड्याळ

बरोबर आहे, मी माझ्या कामावरून बोललो, चित्रं काढण्याचं काम आहे माझं. टचपॅडचं तर मान्यच. ताईंनी दोन्ही एकेक दिवस वापरून बघावं.

भिंगरी

मी जरा उशिरा आले, पण कीबोर्डचं कुणीच घेतलं नाही का? ताई, एक प्रश्न. तुम्ही मराठी इनस्क्रिप्टने, म्हणजे एका कीला एक देवनागरी अक्षर असलेल्या लेआउटने टाइप करता का? आणि विचार करत असताना बोट शिफ्टवर ठेवून थांबता का?

पाटीपेन्सिल

भिंगरी, इनस्क्रिप्टच. आणि हो, थांबते बहुतेक. का?

भिंगरी

मग सापडलं. शिफ्ट आठ सेकंद नुसती दाबून धरली की स्लो कीज चालू होतं. एक्सकेबीमध्ये हे फार जुनं आहे, ज्यांचा हात थरथरतो किंवा चुकून शेजारच्या की दाबल्या जातात त्यांच्यासाठी केलेली सोय, की ठरावीक वेळ दाबून धरली तरच ती मोजायची. म्हणूनच तुम्हाला दाबून धरल्यावर अक्षर मिळतंय. पाचदा शिफ्ट दाबली की चालू होणारं स्टिकी कीज हे त्याचंच भावंड. ही सोय सुगम्यतेच्या पानावर टायपिंगमध्ये असते आणि तिथे कीबोर्डवरून चालू करू द्या अशा अर्थाचा एक खटका असतो. तो तुमच्याकडून कधीतरी चालू झाला असणार. तो खटका बंद करा, स्लो कीजही बंद करा.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला आठ सेकंद शिफ्ट धरायची वेळच येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये मात्र अर्धी बाराखडी शिफ्टवर आहे, ख, घ, छ, ळ, ऱ, आणि अ-आ-इ-ई सगळे सुटे स्वर. शब्द मनात जुळवताना शिफ्ट धरून बसलं जाणारच.

आणि हे की-रिपीटपेक्षा वेगळं आहे हे लक्षात ठेवा, दोन्हींची गल्लत होते. रिपीटमध्ये पहिलं अक्षर लगेच येतं आणि दाबून धरलं तर पुढची येत राहतात, ग्नोममध्ये मुळात ५०० मिलिसेकंद थांबून मग दर ३० मिलिसेकंदांनी. स्लो कीजमध्ये पहिलंच अक्षर अडतं. तुम्ही त्या चार ओळींमध्ये एक्ससेटने रिपीट बदलत होतात, ते आता ग्नोमच्या टायपिंगच्या त्याच पानावर पट्टीने होईल.

पाटीपेन्सिल

भिंगरी, मी आत्ता घड्याळ लावून बघितलं. शिफ्ट धरली, आठ मोजले, आणि कीबोर्ड मेला. परत आठ मोजले आणि जिवंत झाला. खटका चालूच होता. गेल्या आठवड्यात अक्षरं मोठी करायला सुगम्यतेच्या पानावर गेले होते तेव्हा हात लागला असणार. "आळवणी" शब्द लिहायचा होता आणि संदर्भासाठी मूळ पान चाळत होते, शिफ्टवर बोट तसंच, आता नीट आठवतंय. इतक्या दिवसांत मला हे कधीच सापडलं नसतं. मनापासून आभार. दोन कीबोर्ड उगाच बाजूला काढून ठेवले होते.

कोरीपाटी

धागा वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मी लिनक्सवर नवीन आहे, मराठी टाइप करायला काय टाकू? मला इनस्क्रिप्ट येत नाही, रोमनमध्ये लिहून मराठी व्हावं असं हवंय. ग्नोममध्ये मराठी म्हणून लेआउट जोडला तर भलतीच अक्षरं आली.

पाटीपेन्सिल

कोरीपाटी, याचं उत्तर मी देऊ शकते, बाकी सगळं मीच विचारतेय म्हणून हे तरी. तू जोडलास तो इनस्क्रिप्ट, एका कीला एक अक्षर, त्याला वेगळा प्रोग्राम लागत नाही, एक्सकेबीचा लेआउट पुरतो. रोमनमध्ये लिहून देवनागरी करायचं असेल तर मध्ये बसून अक्षरं जुळवणारा लागतो, आयबस किंवा एफसीटिक्स ५. ग्नोममध्ये आयबस आधीच असतं, त्याचं एम१७एन नावाचं पॅकेज टाक, लॉगआउट करून ये, मग इनपुट सोर्समध्ये मराठीखाली आयट्रान्स आणि फोनेटिक दिसतील. प्लाझ्मा वेलँडवर असशील तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणून एफसीटिक्स निवडावं लागतं, नाव फसवं आहे पण जागा तीच.

पण माझा अनुभव विचारशील तर दोन आठवडे देऊन इनस्क्रिप्ट शीक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, मात्रा साधी आणि तोच सुटा स्वर शिफ्टवर, क च्या शिफ्टवर ख, ग च्या शिफ्टवर घ, एकदा ही शिस्त कळली की पाठ करायचं फार उरत नाही. आणि तुला नेमकं काय उमटणार हे माहीत असतं. "दुसऱ्या" मधला ऱ्या घे. हा र आणि हलंत आणि य असा काढला तर "दुसर्या" होतं, रफार चढतो आणि शब्द चुकतो. इथे शिफ्टवरचा ऱ लागतो, इंग्रजी जे ची की शिफ्टसकट, मग हलंत, मग य, मग काना. फोनेटिकमध्ये हाच ऱ काढायला प्रत्येक ठिकाणी वेगळी युक्ती.

दुसरी गोष्ट ॲ ची. अ वर चंद्र असलेला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, त्याआधी लोक हिंदीतला ए वर चंद्र असलेला ऍ वापरायचे किंवा अ ला चंद्र जोडायचे. तिन्ही आजही मजकुरात सापडतात, आणि शोधताना तीन वेगळे शब्द होतात. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात ॲप हा शब्द तिन्ही प्रकारांनी होता, शोधा-बदला केलं की एक तृतीयांशच बदलायचे. लेआउट निवडताना नुसतं हिंदी देवनागरी न घेता मराठी नावाचाच घे.

गोगलगाय

पाटीपेन्सिल ताईंच्या उत्तराला थोडी पुरवणी. लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिलं ठेवा, मराठी दुसरं. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही सारखे शॉर्टकट मराठी चालू असताना चालायला मागे कुठेतरी रोमन लेआउट असावा लागतो, आणि एकटा मराठीच ठेवला तर बरेच ॲप्स गोंधळतात. चारपेक्षा जास्त लेआउटही नकोत, एक्सकेबीत एका वेळी चारच मावतात. आणि प्रत्येक विंडोला आपापली भाषा लक्षात राहील असा पर्याय ग्नोम आणि प्लाझ्मा दोन्हीकडे आहे, तो चालू करा, नाहीतर लिहून झाल्यावर टर्मिनलमध्ये यायचं आणि कमांडऐवजी देवनागरी उमटायची हे दिवसातून वीसदा होतं.

कॅप्स-एस्केपच्या पुढे जायचं असेल, म्हणजे दाबून धरलं तर कंट्रोल आणि टिचकी मारली तर एस्केप असं काही, तर कीडी नावाचा प्रोग्राम बघा. तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जवळ काम करतो त्यामुळे एक्स११, वेलँड, नुसता काळा कन्सोल, सगळीकडे सारखा चालतो. कॉन्फिगमध्ये चूक झाली तर कीबोर्ड हातातून जाऊ शकतो, त्यासाठी त्यात सुटकेची एक युक्ती आहे, बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकदम दाबायचं की कीडी बंद होतो. फाइल लिहिण्याआधी हे पाठ करून घ्या.

सातवामजला

धूसर अक्षरांचं राहिलं म्हणून लिहितोय, मीही यात बरेच दिवस घालवलेत.

आधी मॉनिटरचा हिशेब. २७ इंची फोर-केवर एका इंचात १६३ पिक्सेल येतात, साध्या २४ इंची फुल एचडीवर ९२. म्हणजे १०० टक्क्यांना अक्षरं जवळजवळ निम्मी दिसणार, तुम्हाला मुंगी वाटली ते बरोबरच. २०० ला तुमची जागा १९२० बाय १०८० एवढीच उरते, १५० ला २५६० बाय १४४०, दोन पानांना ती पुरते.

अडचण दीडपटीची आहे. बऱ्याच ॲप्सना एकपट किंवा दुप्पट एवढंच काढता येतं, मग ते दुप्पट काढतात आणि कंपोझिटर ते दाबून बसवतो, अख्ख्या स्क्रीनएवढी विंडो असेल तर ५१२० बाय २८८० चं चित्र काढून ३८४० मध्ये कोंबायचं. थोडी धार जाते, प्रोसेसरला काम वाढतं, पण चालतं. २०२२ च्या शेवटी वेलँडमध्ये नेमका अपूर्णांक ॲपला सांगायची सोय आली, ती समजणारे ॲप्स थेट दीडपट काढतात आणि अगदी स्वच्छ दिसतात.

तुमचा शब्दकोश यातला नसणार, तो एक्सवेलँडवर चालत असणार. तो एकपट काढतो आणि कंपोझिटर ते ताणतो, म्हणून धूसर. खात्री करायची एक पद्धत मला फार आवडते. एक्सआईज म्हणून जुना प्रोग्राम आहे, स्क्रीनवर दोन डोळे येतात आणि ते बाणाकडे बघतात. वेलँडवर तो चालवा आणि बाण वेगवेगळ्या विंडोंवरून फिरवा. वेलँडच्या ॲपवर बाण गेला की डोळे तिथेच गोठतात, कारण एक्सवेलँडला तिकडचं दिसतच नाही. एक्सवेलँडच्या विंडोवर आलात की डोळे पुन्हा फिरायला लागतात. कुठलं ॲप कुठल्या बाजूला आहे ते नुसतं बघून कळतं.

शब्दकोशावर डोळे फिरले तर उपाय दोन. ग्नोम ४७ पासून एक्सवेलँडच्या ॲप्सना ताणू नका, त्यांना स्वतःच मोठं काढू द्या असा प्रायोगिक पर्याय आहे, प्लाझ्मात तो डिस्प्लेच्या पानावरच जुन्या एक्स११ ॲप्ससाठी म्हणून दिसतो. ॲप फारच जुनं असेल तर ते मोठं काढणारच नाही आणि मुंगीएवढं राहील, मग त्याच्याच सेटिंगमध्ये फॉन्ट वाढवायचा. दुसरा उपाय म्हणजे स्केल १०० ठेवून ट्वीक्समधून फक्त फॉन्टचं माप दीड करणं. काहीच धूसर होत नाही, पण बटणं आणि चिन्हं बारीक राहतात. मुख्य काम वाचनाचं असेल तर हा वाईट सौदा नाही.

जाता जाता, रात्री स्क्रीन पिवळी करायला रेडशिफ्ट वापरत असाल तर ते वेलँडवर चालणार नाही, डेस्कटॉपचं स्वतःचं नाइट लाइट वापरा. आणि बाहेरच्या मॉनिटरचा उजेड डीडीसीयुटिल नावाच्या कमांडने केबलमधूनच कमी-जास्त करता येतो, मॉनिटरच्या मागची बारकी बटणं चाचपावी लागत नाहीत.

पाटीपेन्सिल

केबल आली! लॅपटॉपमधून सरळ डिस्प्लेपोर्टला लावली, डिस्प्लेच्या पानावर ६० दिसलं, आणि फोर-केवरच माऊस हलका झाला. हब आता फक्त पेन ड्राइव्हपुरता. ॲक्सिलरेशन दोन्ही दिवस दोन्ही वापरलं, माझ्या हाताला ॲडॅप्टिव्ह बरं वाटतं, फ्लॅटवर दुरुस्तीच्या खुणा करताना छान वाटत होतं पण समासापर्यंत जायला हात उचलावा लागत होता. बाण ४८ केला.

शब्दकोशावर डोळे फिरले. बाकी सगळ्यांवर गोठले. मी दहा मिनिटं नुसती बाण फिरवत बसले होते. तो प्रायोगिक पर्याय चालू केल्यावर धूसरपणा गेला पण प्रोग्राम एवढासा झाला, मग त्याच्या आत फॉन्ट १८ केला, आता शब्द नीट वाचता येतात, वरची बटणं बारीक आहेत पण ती मला पाठ आहेत.

एकच उरलंय. लॉगिनच्या स्क्रीनवर सगळं अजून मुंगीएवढं आहे, आणि काल तिथे पासवर्ड तीनदा चुकला, मग लक्षात आलं की कोपऱ्यात मराठी होतं.

गोगलगाय

लॉगिनची स्क्रीन म्हणजे सिस्टिमच्या दृष्टीने वेगळाच वापरकर्ता, तुमची सेटिंग्ज तिला माहीतच नसतात. तुमच्या होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये मॉनिटर्स नावाची एक्सएमएल फाइल असते, स्केल आणि रिफ्रेश रेट त्यात असतात. ती जीडीएमच्या, म्हणजे ग्नोमची लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, कॉन्फिग फोल्डरमध्ये कॉपी करायची, जागा आवृत्तीप्रमाणे बदलते म्हणून तुमच्या डिस्ट्रोच्या मदतीच्या पानावर बघून घ्या. प्लाझ्मात तर लॉगिन स्क्रीनच्या पानावर माझी सेटिंग्ज लागू करा असं बटणच असतं.

भाषेसाठी सिस्टिमचा लेआउट बदलायचा, लोकेलसीटीएल या कमांडने, डेबियन किंवा उबुंटूवर असाल तर ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरच्या कीबोर्ड फाइलमध्ये. इंग्रजी पहिलं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का? असेल तर ती फाइल बदलल्यावर इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी चालणारी छोटी सिस्टिम) पुन्हा बनवा, नाहीतर सुरू होतानाच्या पासवर्डला जुनाच लेआउट राहील. आणि पासवर्डमध्ये अशी चिन्हं असतील जी लेआउट बदलला की जागा बदलतात, तर रीस्टार्ट करायच्या आधी तोच पासवर्ड एखाद्या साध्या एडिटरमध्ये टाइप करून बघा, तेच उमटतंय ना.

पाटीपेन्सिल

डिस्क एन्क्रिप्टेड आहे, बरं झालं विचारलंत. इंग्रजी पहिलं केलं, इनिटरॅमएफएस बनवलं, एडिटरमध्ये टाइप करून बघितलं आणि मग रीस्टार्ट केलं. लॉगिनची अक्षरं मोठी आली, पासवर्ड पहिल्याच वेळी बसला. ती चार ओळींची फाइल आज काढून टाकली.

भिंगरी

मस्त! ताई, शिफ्टचा तो खटका बंदच ठेवलाय ना?

पाटीपेन्सिल

बंद. आत्ता या प्रतिसादातला "ठेवलाय" मधला ठ शोधताना शिफ्टवर बोट होतं, आणि अक्षर लगेच आलं.